औषधी वनस्पतींच्या अंगातील उपकारक जंतू आणि कळंबचे शिवार

इंदापूर तालुक्यातील कळंबच्या शिवाराची सरळसरळ दोन अंगे पडतात. पाटाच्या पाण्याखालचे अंग उसाचे. पाट ओलांडून वर गेले की माळ लागतो. खालच्या अंगास पाणी, खत, औषध आणि मजुरी यांपैकी काहीच कमी पडू दिले जात नाही. वरच्या अंगास यांपैकी काहीच दिले जात नाही. असे असूनही पाऊस सरून महिने उलटले म्हणजे माळावरचा तरवड, रुई, सराटा आणि आस्कंद हिरवा असतो, आणि पाटाचे एक आवर्तन लांबले की खालचा ऊस माना टाकतो. रानटी झाड काटक असते, एवढे म्हणून हा विषय सोडून देण्याची पद्धत आहे. परंतु काटकपणा म्हणजे नेमके काय, त्यातला किती वाटा झाडाच्या स्वतःच्या अंगचा आणि किती त्याच्या सोबत्यांचा, हा प्रश्न गेल्या काही दशकांत वनस्पतिशास्त्राने गंभीरपणे हाती घेतला आहे. त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या कामाचे आहे. मात्र ते उत्तर पुरते हाती येण्यापूर्वीच त्याच्या बाटल्या बाजारात येऊ लागल्या आहेत, म्हणून त्याविषयी स्पष्टपणे लिहिणे अगत्याचे झाले आहे.

मुळाभोवतीच्या मातीत असंख्य सूक्ष्म जंतू असतात हे आता बहुतेक शेतकऱ्यांस ठाऊक आहे. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी आणि त्यांतील रायझोबियम यांची ओळख शाळेतच होते. परंतु गाठ नसलेल्या, बाहेरून काहीही खूण न दिसणाऱ्या झाडाच्या मुळात, खोडात, पानात आणि कित्येकदा बियांतही जंतू राहतात, आणि ते तेथे राहूनही झाड आजारी पडत नाही, ही गोष्ट कमी लोकांस माहीत आहे. अशा जंतूंना शास्त्रात एंडोफाइट म्हणतात. मराठीत त्यांस अंतर्वासी जंतू म्हणावयास हरकत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी हा शब्द १८६६ साली वापरात आणला, तेव्हा त्यांच्या नजरेसमोर मुख्यतः बुरशी होती. जीवाणूंचा विचार पुढे बऱ्याच काळाने झाला. त्याचे कारणही उघड आहे. निरोगी झाडाच्या आत जीवाणू सापडला म्हणजे तो बाहेरून लागलेला मळ आहे, प्रयोग नीट झाला नाही, असेच पूर्वी गृहीत धरले जात असे.

ही शंका फेडण्यासाठी जी रीत पाळतात ती साधी परंतु कडक आहे. आस्कंदाचे मूळ घेतले तर ते प्रथम वाहत्या पाण्यात धुतात. नंतर अल्कोहोल व क्लोरीनयुक्त द्रावणात ठराविक वेळ ठेवून त्याच्या पृष्ठभागावरील सर्व जंतू मारतात. मग निर्जंतुक पाण्याने अनेक वेळा धुतात. शेवटच्या धुण्याचे पाणी बशीतील पोषक थरावर पसरून पाहतात. त्यावर एकही वसाहत उगवली नाही, तरच मूळ ठेचून त्याचा रस दुसऱ्या बशीवर पसरायचा. त्या दुसऱ्या बशीवर जे उगवते ते आतले. शेवटच्या धुण्याची तपासणी वगळून केलेल्या प्रयोगास काही किंमत नाही, आणि दुर्दैवाने असे प्रयोगही प्रसिद्ध होतात.

हे जंतू आत शिरतात ते बहुधा मुळाच्या वाटेने. उपमूळ फुटताना मुख्य मुळाची साल चिरते. त्या चिरेतून, मुळाच्या टोकाजवळच्या कोवळ्या भागातून किंवा एखाद्या जखमेतून ते प्रवेश करतात. काही पानांच्या रंध्रांतून जातात, काही बियांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. मुळात त्यांची संख्या सर्वांत जास्त, खोडात कमी आणि पानात त्याहून कमी असते. बाहेरील मातीच्या मानाने आतली वस्ती विरळच. कारण आत राहण्यास झाडाची एक प्रकारे मुभा लागते.

या वस्तीचा झाडास उपयोग काय, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. काही जंतू हवेतील नत्र स्थिर करतात. काही मुळांची वाढ करणारे संप्रेरक तयार करतात. काही लोहासारखी दुर्मिळ अन्नद्रव्ये धरून ठेवतात, आणि त्यामुळे रोगकारक बुरशीस ती मिळत नाहीत. एका गटाचे काम विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. पाणी तुटले किंवा जमिनीत क्षार वाढले की झाडात इथिलीन नावाचा वायू वाढतो. त्यायोगे मुळे खुंटतात आणि पाने अकाली पिवळी पडतात. हा वायू ज्या द्रव्यापासून बनतो ते द्रव्यच फोडून टाकणारे विकर काही अंतर्वासी जंतूंजवळ असते. जंतूस त्यातून नत्र मिळते आणि झाडावरील इथिलीनचा मारा सौम्य होतो. माळावरच्या झुडपाचा काटकपणा एवढ्यानेच उलगडतो असे नाही. खोल मूळ, जाड पान, मेणाचा थर ही झाडाची स्वतःची कमाई आहेच. पण त्या कमाईत सोबत्यांचा हिस्सा आहे, हे आता नाकारता येत नाही.

औषधी वनस्पतींच्या बाबतीत या विषयाला आणखी एक बाजू आहे. धान्याच्या पिकात वजन पाहतात; औषधी पिकात वजनाइतकेच किंवा अधिक महत्त्व त्यातील गुणकारी द्रव्याला असते. हे द्रव्य झाड आपल्या बचावासाठी तयार करीत असते, आणि आत राहणाऱ्या जंतूंचा त्या बचावव्यवस्थेशी रोजचा संबंध येतो. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने सदाफुलीवर केलेले काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सदाफुलीच्या पानांतून व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे मिळतात, पण त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. सदाफुलीच्याच अंगातून वेगळे केलेले जीवाणू रोपास पुन्हा दिले असता झाडाची वाढ व या वर्गातील द्रव्यांचे प्रमाण, दोन्ही वाढल्याचे तेथील शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. आस्कंदावरही त्याच संस्थेत काम झाले असून, अंतर्वासी जंतूंमुळे त्यातील विथेनोलाइड वर्गाच्या द्रव्यांचे केवळ प्रमाणच नव्हे, तर ती झाडाच्या कोणत्या भागात तयार होतात हेही बदलू शकते, असे दिसून आले आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण सह्याद्रीतील नरक्याचे आहे. या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरील औषधांचे मूलद्रव्य असते, आणि त्यापायी त्याची इतकी तोड झाली की जंगलातून ते दिसेनासे होऊ लागले. २००५ साली जम्मू येथील शास्त्रज्ञांनी याच झाडाच्या अंगातील एका बुरशीपासून प्रयोगशाळेत कॅम्प्टोथेसिन मिळविल्याचे जाहीर केले. झाड न तोडता औषध मिळणार, अशी आशा त्यावेळी पुष्कळांस वाटली. पुढे चीनमधील कॅम्प्टोथेका वृक्षातील अशाच एका बुरशीवर काम करताना आढळले की, ती झाडाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवीत गेले तर औषध तयार करण्याची तिची शक्ती उतरत जाते. यू वृक्षाच्या टॅक्सोल या औषधाचीही कथा अशीच आहे. १९९३ साली त्याच्या सालीतील बुरशी टॅक्सोल तयार करते असे जाहीर झाले; २०१३ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्याच बुरशीची बारकाईने तपासणी केली, तेव्हा स्वतंत्रपणे टॅक्सोल करण्याची साधने तिच्यात आढळली नाहीत. तात्पर्य, आतला सोबती झाडापासून तोडून बाटलीत भरला म्हणजे तो तेच काम करील, असे धरून चालता येत नाही. जे घडते ते दोघांच्या एकत्र राहण्याने घडते, आणि बाटलीत झाड नसते.

जुन्या वैद्यकात औषधी कोणत्या भूमीतून उपटावी याला फार महत्त्व दिलेले आहे. चरकाने देशाचे जांगल, अनूप आणि साधारण असे तीन भेद मानले, आणि त्या त्या देशातील वनस्पतींच्या गुणात फरक सांगितला. प्राचीनांस जंतू ठाऊक होते असे यावरून सिद्ध करू पाहणारे लोक भेटतात. ते बरोबर नाही. त्यांस जंतू ठाऊक नव्हते. माळावरचे मूळ आणि पाणथळीतले मूळ सारखे नसते एवढे त्यांनी नीट पाहिले होते, आणि हे पाहणे आजही खरे आहे. त्या फरकाची कारणे मातीत, पाण्यात, उन्हात आणि कदाचित आतल्या वस्तीतही आहेत. ती एकेक करून तपासणे हे आजच्या पिढीचे काम आहे.

आता कळंबच्या शेतकऱ्याने याकडे कसे पाहावे? यासाठी औषधी वनस्पती क्षणभर बाजूस ठेवून उसाकडे वळले पाहिजे, कारण अंतर्वासी जंतूंचा या भागातला खरा अनुभव उसातच आहे. १९८८ साली ब्राझीलमध्ये काव्हालकांते आणि श्रीमती योहाना डोबेराइनर यांनी उसाच्या मुळातून व कांड्यातून एक जीवाणू वेगळा केला. तो दहा टक्के साखरेच्या आंबट द्रावणात आनंदाने वाढतो आणि हवेतील नत्र स्थिर करतो. ॲसिटोबॅक्टर या नावाने तोच आज महाराष्ट्रात पाकिटांतून व बाटल्यांतून मिळतो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने त्याचा प्रसार केला आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याची रीतसर शिफारस केली. हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर व १.२५ किलो स्फुरद विरघळविणारे जीवाणू १०० लिटर पाण्यात कालवून त्यात बेणे ३० मिनिटे बुडवावे आणि मग लावावे. त्यायोगे नत्राची मात्रा निम्म्याने व स्फुरदाची पाव हिश्श्याने कमी करता येते, अशी ती शिफारस आहे.

ही बचत लहान नाही. आडसाली उसास हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. एकरी हिशेब केला तर १६० किलो, म्हणजे सर्व नत्र युरियातूनच द्यावयाचे ठरविल्यास ४५ किलोच्या जवळजवळ पावणेआठ गोण्या. त्यांतील निम्म्या वाचल्या तर एकरी चार गोण्यांच्या आसपास बचत झाली. असे असताना पाकीट घेणारा शेतकरी गोण्या कमी करताना का दिसत नाही, हा प्रश्न कृषी खात्याने स्वतःस विचारला पाहिजे. तो पाकीटही वापरतो आणि युरियाही पूर्ण टाकतो. जंतू हे त्याच्या दृष्टीने खताच्या ऐवजी नाहीत, खताच्या वर आहेत. देवाला वाहिलेल्या नारळासारखे, घेतले तर बरे. यात शेतकऱ्याचा दोष थोडा आणि सांगणाऱ्याचा अधिक आहे. पूर्ण नत्र दिल्याने केवळ पैसा जातो असेही नाही. मेक्सिकोतील शास्त्रज्ञांनी १९९९ साली दाखवून दिले की, नत्र खताचा भरपूर मारा असलेल्या उसात हा जीवाणू नीट वस्तीच करीत नाही. म्हणजे एका हाताने पाहुण्यास बोलवावयाचे आणि दुसऱ्या हाताने दार लावून घ्यावयाचे, असा हा प्रकार होतो.

प्रत्यक्ष वापरातील चुकाही ठरलेल्या आहेत. वेळ वाचविण्यासाठी बुरशीनाशक, कीटकनाशक आणि जीवाणू एकाच पिंपात कालवितात. बुरशीनाशकाच्या व कीटकनाशकाच्या द्रावणात बेणे दहा-पंधरा मिनिटे बुडवून काढावे, सावलीत सुकू द्यावे आणि त्यानंतर वेगळ्या पाण्यात जीवाणूंची प्रक्रिया करावी, हा क्रम आहे. तो मोडला की जिवंत वस्तूचे पैसे देऊन मेलेली वस्तू लावली जाते. पाकिटे दुकानाच्या दारात उन्हात टांगलेली असतात. अंतिम तारीख कोणी पाहत नाही. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली २००६ सालापासून जीवाणू खते आली आणि रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम यांसारख्या खतांच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जीवाणू असावेत असे बंधन घातले गेले. हा आकडा कारखान्यातून निघतानाचा राहून उपयोग नाही. तो शेतकऱ्याच्या पिंपात उतरला पाहिजे. दुकानातील नमुने काढून तपासण्याचे काम रासायनिक खतांच्या बाबतीत जेवढ्या तत्परतेने होते, तेवढ्या तत्परतेने ते जीवाणू खतांच्या बाबतीत झाले पाहिजे.

याहून महत्त्वाची गोष्ट प्रात्यक्षिकाची. नेहमीचे प्रात्यक्षिक दोन पट्ट्यांचे असते: एका पट्ट्यात पूर्ण नत्र, दुसऱ्यात निम्मे नत्र आणि जीवाणू. दोन्हींचा उतारा सारखा आला की जीवाणूंमुळे निम्मे नत्र वाचले असे सांगून टाळ्या घेतात. हा निष्कर्ष उतावळा आहे. तिसरा पट्टा हवा, ज्यात नत्र निम्मे आणि जीवाणू मुळीच नाहीत. तोही पट्टा तेवढाच उतरला, तर नत्र वाचले ते जीवाणूंमुळे नव्हे; त्या जमिनीत आधीच नत्राचा अतिरेक होत होता, एवढेच सिद्ध झाले. तसे निघाले तरी शेतकऱ्याचे नुकसान नाही, उलट त्याचे पाकिटाचेही पैसे वाचतील. पण सत्य काय ते तरी कळेल. ब्राझीलमध्ये काही जातींचा ऊस आपल्या नत्रापैकी अर्ध्याहून अधिक वाटा हवेतून मिळवितो असे अनुमान निघाले होते. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथील तपासणीत मात्र त्याला दुजोरा मिळाला नाही. जात, जमीन आणि खताची सवय बदलली की फळ बदलते. म्हणून परदेशचा आकडा कळंबच्या काळ्या जमिनीस तसाच लावता येणार नाही. तो येथेच, येथल्या जमिनीत काढला पाहिजे.

दहा-दहा गुंठ्यांचे तीन पट्टे आखणे कोणत्याही बागाइतदारास अवघड नाही. अवघड आहे ते वजन. तोडणीची टोळी येते तेव्हा ती पट्टे पाहत नाही. सगळा ऊस एकाच ट्रॉलीत भरला जातो आणि काट्यावर एकच आकडा निघतो. टोळीच्या मुकादमास तीन पट्टे वेगळे तोडावयास सांगितले तर तो वरचे पैसे मागतो, आणि त्याच्या बाजूने तेही रास्तच आहे. यास तोड अशी की, टोळी येण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक पट्ट्यातील मधल्या सऱ्यांतून ठराविक लांबीचा ऊस चार ठिकाणी तोडून साध्या काट्यावर तोलावा. कृषी सहायकाने हे काम स्वतः उभे राहून केले तर एका सकाळीत होते.

औषधी वनस्पतींचे जंतू विकणाऱ्यांस हीच कसोटी लावावी. आस्कंद, शतावरी किंवा कोरफड लावणाऱ्या शेतकऱ्यास ‘मुळी दुप्पट, गुण दुप्पट’ असे सांगून बाटली देणाऱ्याकडे तीन गोष्टी मागाव्यात: जीवाणूचे पूर्ण नाव, तो कोणत्या मान्य संग्रहात ठेवलेला आहे त्याचा क्रमांक, आणि जीवाणूरहित पट्ट्याशी तुलना केलेल्या शेतावरील चाचणीचे आकडे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. त्याशिवाय सूक्ष्मजीवांचे एक स्वतंत्र राष्ट्रीय केंद्रही पुण्यातच आहे. ज्या वस्तूचा असा दाखला नाही ती विकत घेण्याचे कारण नाही.

येथे एका धोक्याकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे. निरोगी झाडाच्या आत सापडला म्हणजे तो जंतू माणसासही निरुपद्रवी, असे नाही. झाडांच्या मुळात आढळणाऱ्या बर्खोल्डेरिया, स्टेनोट्रोफोमोनास आणि स्यूडोमोनास या कुळांतील काही जीवाणू दुबळ्या प्रकृतीच्या रुग्णांस इस्पितळात गंभीर आजार जडवितात. सदाफुलीवरील ज्या प्रयोगाचा वर उल्लेख केला, त्यातील एक जीवाणू स्टॅफिलोकोकस कुळातीलच होता. ज्वारीच्या ताटात एखादा जंतू असला तर ज्वारी भाजून, शिजवून खाल्ली जाते. औषधी मूळ मात्र बहुधा वाळवून, कुटून, चूर्ण म्हणून आजारी माणसाच्याच पोटात जाते. म्हणून माळावरची मुळे ठेचून, गुळाच्या पाण्यात आंबवून ते पाणी पिकास देण्याचे जे घरगुती प्रकार सुचविले जातात, ते औषधी पिकांस तरी करू नयेत. आंबवणीत नेमका कोण वाढला हे डोळ्यांस दिसत नाही.

मग माळावरच्या वनस्पतींचा कळंबला उपयोग नाही काय? आहे, आणि तो बाटलीपेक्षा मोठा आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आतच नीरा खोऱ्यातील जमिनी खारावू लागल्या. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. तम्हाणे यांनी १९१० साली या खारवट जमिनींवर स्वतंत्र पत्रिकाच लिहिली. तो प्रश्न शंभर वर्षांनंतरही संपलेला नाही. पाटाच्या खालच्या अंगास पांढरे पापुद्रे धरलेली, उसाच्या बेटांमध्ये मोकळे टक्कल पडलेली शेते आजही दिसतात. क्षार सोसणारी फुले २६५ सारखी जात घेऊन शेतकरी कसेबसे भागवितो. अशा टकलांच्या कडेला जे उगवते ते मात्र कोणी पाहत नाही. रुदंतीसारखी औषधी वनस्पती खाऱ्या जमिनीतच वाढते. पुनर्नवा, सराटा ही झाडे पडीक बांधांवर तग धरून असतात. या झाडांच्या मुळांत क्षार सोसण्यास मदत करणारे कोणते जंतू आहेत आणि ते उसाच्या किंवा आस्कंदाच्या मुळात नांदतात काय, हा शोध घेण्यास कळंबइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. बारामती तालुक्यातील माळेगाव येथे २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिचा विषयच दुष्काळ, क्षार व उष्णता हा आहे. नीरेच्या काठी पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. संस्था जवळ आहेत, खारी जमीन जवळ आहे, झाडेही जवळ आहेत. या तिघांची गाठ घालून देणारा दुवा तेवढा कमी पडतो, आणि तो दुवा होणे हे विस्तार खात्याचे काम आहे.

तथापि एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. जंतू कितीही गुणी निघाला तरी तो चराची जागा घेणार नाही. पाणी निचरत नाही तेथे क्षार वर येणारच. चर खणणे, चोपण जमिनीस जिप्सम देणे, धैंचा गाडणे आणि मुख्य म्हणजे पाटाचे पाणी मोजून देणे, ही कामे त्याआधीची आहेत. चर खणण्यास चार शेजाऱ्यांची संमती लागते आणि बाटलीस कोणाचीच लागत नाही, हे बाटलीच्या लोकप्रियतेचे एक खरे कारण आहे.

औषधी पिकाच्या बाजारासंबंधी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण जंतूंमुळे वाढणारा गुण शेवटी भावात उतरला नाही तर शेतकऱ्याने त्यासाठी खर्च का करावा? आस्कंदाच्या मुळ्यांची प्रतवारी आज लांबी, जाडी, ठिसूळपणा आणि आतला पांढरेपणा पाहून होते. विथेनोलाइड किती, हे मंडईत कोणी मोजत नाही. ते मोजले जाते अर्क काढणाऱ्या कारखान्याच्या दारात, माल शेतकऱ्याच्या हातून गेल्यावर. म्हणजे गुण वाढविण्याचा खर्च एकाचा आणि नफा दुसऱ्याचा. शेतकरी गटांनी मालाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून त्या दाखल्यावर भाव ठरविण्याचा करार केला तरच या संशोधनाचा दाणा शेतकऱ्याच्या कणगीत पडेल. तोपर्यंत गुण वाढविणाऱ्या जीवाणूपेक्षा मूळ जाड करणारा जीवाणूच शेतकरी पसंत करील, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

अखेरची बाब कायद्याची. २००२ च्या जैविक विविधता कायद्यात जैविक संसाधन या शब्दात सूक्ष्म जीवांचाही समावेश आहे. २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीखालील औषधी वनस्पतींना सवलत दिली. पण माळावरच्या रानटी झाडातून कोणी जीवाणू नेऊन त्याचा व्यापार करू लागला, तर त्यातील लाभाचा प्रश्न उभा राहतो. गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची नोंदवही यासाठीच आहे. नोंदवहीत बहुधा वड, पिंपळ, मोर, चिंकारा अशी नावे असतात. त्यात गावकुसाबाहेरचा आस्कंद, बांधावरची पुनर्नवा, खाऱ्या टकलावरची रुदंती यांची जागेसह नोंद झाली पाहिजे. तणनाशकाच्या पंपाने बांध उघडे पडत चालले आहेत, आणि झाड गेले की त्याच्या आतली वस्तीही जाते. हे नमुने घेण्यास भाद्रपद-आश्विनाचा काळ बरा. मुळे ओली असतात, झाड फुलावर आल्याने ओळख पटते. मूळ मातीसह उपटून कागदात गुंडाळावे, जागा व तारीख लिहावी, बर्फाच्या डब्यात ठेवावे आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत पोचते करावे. मूळ वाळले की आतल्या वस्तीतले कोण जगले आणि कोण मेले, याचा हिशेब लागत नाही.